अणुअभियांत्रिकीचे शिक्षण (भारत)

अणुभट्टीचा आराखडा, उभारणी, संचालन आणि सुरक्षा यांचा अभ्यास म्हणजे अणुअभियांत्रिकी. आयआयटी कानपूरसारख्या मोजक्या संस्थांत ती पदव्युत्तर विषय म्हणून शिकवली जाते. पण भारतातले बहुतेक अणुअभियंते मुळात यांत्रिकी, विद्युत, रसायन किंवा धातुशास्त्राचे पदवीधर असतात.

याचे मूळ मुंबईच्या तुर्भ्यात (ट्रॉम्बे) आहे. ऑगस्ट १९५६ मध्ये तिथे ‘अप्सरा’ ही देशातली पहिली अणुभट्टी सुरू झाली. पुढच्या भट्ट्यांसाठी लागणारी माणसे परदेशातून आणण्याऐवजी इथेच घडवावीत, म्हणून होमी भाभांनी १९५७ मध्ये प्रशिक्षण शाळा काढली. तिथला वर्षभराचा अभ्यासक्रम दमछाक करणारा असतो. प्रशिक्षणार्थींना विद्यावेतन मिळते आणि उत्तीर्ण झालेल्यांची वैज्ञानिक अधिकारी म्हणून नेमणूक होते. गेट या अभियांत्रिकी पदवीधरांच्या राष्ट्रीय परीक्षेचे गुण किंवा शाळेची प्रवेश परीक्षा आणि त्यानंतरची कसून घेतलेली मुलाखत यांवर निवड ठरते.

इतर शाखांतून माणसे घेण्याची ही पद्धत रास्तच आहे. युरेनियमच्या भंजनातून, म्हणजे अणुकेंद्र फुटण्यातून, बहुतेक न्यूट्रॉन तत्क्षणी सुटतात आणि ते पुढची अणुकेंद्रे फोडतात; हीच साखळी प्रक्रिया. एक टक्क्याहून कमी न्यूट्रॉन काही सेकंद मागे रेंगाळतात, आणि त्यांच्यामुळेच भट्टी काबूत ठेवता येते. हे नवे भौतिकशास्त्र शिकावेच लागते. पण ही साखळी प्रक्रिया थांबवली तरी किरणोत्सर्गी द्रव्यांच्या क्षयातून उष्णता निघतच राहते. पहिल्या क्षणी ती पूर्ण शक्तीच्या सुमारे ६ ते ७ टक्के असते. २०११ मध्ये फुकुशिमाच्या चालू भट्ट्या भूकंप होताच आपोआप बंद झाल्या होत्या. त्सुनामीने वीज गेली, शीतन थांबले आणि भट्ट्यांचे इंधन असलेले गाभे वितळले. पंप, नळ, झडपा, उष्णता वाहून नेणे हे काम यांत्रिकी अभियंत्याच्या हातचे आहे. मुंबईच्या व्हीजेटीआयमधून यांत्रिकीची पदवी घेतलेले अनिल काकोडकर या शाळेतून पुढे अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष झाले. कोल्हापूरकडचे शिवराम भोजे पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून आले आणि त्यांनी कल्पाक्कमच्या इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्राचे नेतृत्व केले.

अणुवीज केंद्रे चालवणारी सरकारी कंपनी न्यूक्लिअर पॉवर कॉर्पोरेशन तारापूर, काक्रापार, कैगा अशा केंद्रांसाठी स्वतंत्र भरती करते. नियंत्रण कक्षात बसण्याआधी मात्र परवाना मिळवावा लागतो. अणुऊर्जा नियामक मंडळात आराखड्यांची छाननी करणारे अभियंते लागतात. भौतिकशास्त्राच्या पदव्युत्तर पदवीधरांना तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातली किरणोत्सर्ग-भौतिकीची पदविका घेऊन रुग्णालयांत जाता येते. डॉक्टरांनी ठरवलेली किरणोत्साराची मात्रा कर्करोग्याला नेमकी कशी द्यायची, याचा हिशेब ते करतात.