उभ्या गाडीची नळी का फुटते?

जुनी गाडी नेमाने पळत असेल तर तिची पेट्रोलची नळी सहसा कुरकुरत नाही. तीच गाडी आठ-दहा महिने झाकून ठेवा, मग चालू करा, की बॉनेटखाली पेट्रोल पाझरायला लागतं. वापरून वस्तू झिजते हे कुणालाही पटतं. नुसती उभी राहून ती बिघडते कशी?

नळी म्हणजे पेट्रोल अडवणारी भिंत, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात ती भिंत नाही, जाळं आहे. रबराच्या रेणूंच्या लांबलचक साखळ्या एकमेकींत गुंतलेल्या असतात आणि बहुतेक रबरांत त्या गंधकाच्या टाक्यांनी जागोजागी शिवलेल्या असतात. ही शिवण चार्ल्स गुडइयरला 1839 मध्ये साधली. टाक्यांमुळे रबर पेट्रोलमध्ये विरघळत नाही, पण पेट्रोलचे रेणू जाळ्यात घुसून साखळ्या एकमेकींपासून दूर सारतात आणि रबर फुगतं. नैसर्गिक रबर तर पेट्रोलमध्ये फुगून पार लिबलिबीत होतं. दोन्ही हायड्रोकार्बन, एकाच कुळातले. आत शिरायला अडकाठी कसली?

म्हणून इंधनाच्या नळ्यांसाठी नायट्राइल रबर वापरात आलं. त्याच्या साखळीतला अ‍ॅक्रिलोनायट्राइल हा घटक ध्रुवीय असतो, म्हणजे त्याच्या एका बाजूला किंचित धन आणि दुसऱ्या बाजूला किंचित ऋण भार असतो, आणि पेट्रोलच्या अध्रुवीय रेणूंना त्याची संगत मानवत नाही. हा घटक जितका जास्त, तितकं पेट्रोल कमी शिरतं. पण थंडीत नळी तितकीच ताठरते. ती मऊ राहावी म्हणून मिश्रणात तेलासारखी मऊकारक द्रव्यं घालतात, आणि गोम तिथेच आहे. पेट्रोल ही द्रव्यं हळूहळू धुऊन नेतं. नेतं, पण त्यांची जागा स्वतः घेतं, त्यामुळे नळी फुगलेली आणि लवचीक राहते. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली की पेट्रोल उडून जातं. आता आत ना मऊकारक, ना पेट्रोल. रबर आकसतं, कडक होतं, आतून तडकतं. क्लिपखालची पकडही सुटते. पुढे गाडी चालू केली की पेट्रोल त्याच फटींतून वाट काढतं.

बाहेरून हल्ला होतो तो ओझोनचा. हवेतला अगदी थोडा ओझोनसुद्धा रबराच्या साखळीतले दुहेरी बंध तोडतो, आणि नळी जिथे वळणावर ताणलेली असते तिथे आधी. त्यासाठी चांगल्या नळीला वरून वेगळ्या रबराचं आवरण असतं. काही जुन्या जर्मन गाड्यांत नळीवर सुती विणीचं वेष्टन असायचं. दिसायला झकास, पण आतल्या भेगा ते शेवटपर्यंत लपवतं. गाडी मूळ रूपात हवी हा हट्ट मला समजतो. इंधनाच्या नळीबाबत मात्र मी तो करणार नाही.

पेट्रोलमध्ये इथेनॉल हे अल्कोहोल मिसळायला लागल्यावर गणित आणखी बिघडलं. त्याचा रेणू लहान आणि ध्रुवीय. नायट्राइलच्या ज्या गुणाने पेट्रोलला दूर ठेवलं, तोच गुण इथेनॉलला आत बोलावतो. गंमत अशी की नुसत्या पेट्रोलने किंवा नुसत्या इथेनॉलने नायट्राइल जितकं फुगतं, त्याहून दोघांच्या मिश्रणात जास्त फुगू शकतं. यावर उपाय फ्लुओरो रबराचा. व्हायटन या नावाने ते 1957 च्या सुमारास बाजारात आलं. कार्बन-फ्लुओरिन बंध या दोघांनाही फारशी दाद देत नाही. नळीवर एसएई जे30 या इंधन-नळ्यांच्या मानकाखाली आर6, आर7, आर9 अशा खुणा छापलेल्या असतात. आर9 ला आतून फ्लुओरो रबराचं अस्तर असतं. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलसाठी तीच घ्यावी. मात्र ती टाकीच्या आत बुडवू नये, कारण तिचं बाहेरचं आवरण पेट्रोलसाठी बनवलेलं नसतं. बुडणाऱ्या नळीसाठी आर10 असते.

आता पंप. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाडीत तो बहुधा इंजिनावरच बसलेला असतो आणि लांबच्या टाकीतून पेट्रोल ओढतो. म्हणजे टाकी ते पंप या टप्प्यात नळीच्या आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी. तिथल्या भेगेतून पेट्रोल गळतच नाही, उलट हवा आत जाते. मेकॅनिक म्हणतात, ‘गाडी एअर घेतेय.’ जमीन कोरडी, वास नाही, पण चढावर गाडी मान टाकते. मग कार्ब्युरेटर उघडला जातो, प्लग बदलले जातात, कॉइलवर संशय येतो. शिवाय दाब कमी झाला की पेट्रोल कमी तापमानाला उकळतं, त्यामुळे उन्हात नळीत वाफेचे बुडबुडे अडतात ते याच बाजूला. लोक इंजिनाजवळच्या, डोळ्यांसमोरच्या नळ्या बदलतात आणि टाकीजवळचा वीतभर तुकडा तसाच ठेवतात. खरं तर सुरुवात तिथून करावी.

पंपानंतरचा दाबही फार नसतो, साधारण 3 ते 5 पीएसआय. गाडीच्या टायरमध्ये याच्या कितीतरी पट असतो. त्यामुळे क्लिप जीव खाऊन आवळण्यात अर्थ नाही. पट्टीला आरपार खाचा असलेली क्लिप आवळताना रबर त्या खाचांत घुसून कापलं जातं. सपाट पट्टीची, कडा वळवलेली क्लिप बरी. जुन्या फ्युएल इंजेक्शनची गोष्ट वेगळी. के-जेट्रॉनिक या बॉशच्या जुन्या इंजेक्शन प्रणालीत दाब 5 बारच्या आसपास, म्हणजे 70 पीएसआयच्या वर. तिथे त्या प्रणालीसाठीचीच नळी आणि जोड हवेत.

मापातही फसगत होते. 5/16 इंच म्हणजे 7.94 मिमी, तिथे 8 मिमीची नळी चालते. पण 1/4 इंच म्हणजे 6.35 मिमी, त्यावर 6 मिमीची नळी रेटून बसवली तर अस्तर फाटू शकतं. नळी धारदार पात्याने कापावी. करवतीचा भुसा सरळ कार्ब्युरेटरच्या सुईपर्यंत जातो.

पंपाच्या शंक्वाकार जोडावर आट्यांना टेप गुंडाळायची सवय वाईट. तिथे गळती थांबवतो तो शंकू. आटे फक्त त्याला दाबून धरतात, आणि टेपचे तुकडे पेट्रोलबरोबर पुढे जातात. बँजो बोल्टचे, म्हणजे ज्याच्या पोकळीतून पेट्रोल जातं त्या बोल्टचे, तांब्याचे वॉशर एकदा दाबले की कडक होतात. लालबुंद तापवले तर ते पुन्हा मऊ पडतात, पण नवे टाकणं सोपं. पंपाची बॉडी मऊ मिश्रधातूची असते, म्हणून एका पान्याने जोड धरून दुसऱ्याने सोडवायचा. नाहीतर आटे जातात. पंपातल्या डायफ्रॅमचं, म्हणजे पेट्रोल ओढणाऱ्या लवचीक पडद्याचं, वयही नळीइतकंच असतं. तो फाटला तर पेट्रोल इंजिन ऑइलमध्ये उतरू शकतं, म्हणून डिपस्टिक काढून एकदा वास घ्यावा.

हे सगळं इंजिन गार असताना आणि बॅटरीची तार काढून करायचं. उणे 40 अंशांच्या थंडीतही पेट्रोलची वाफ पेट घेऊ शकते. हवेपेक्षा जड असल्याने ती खाली साचते. गॅरेजच्या खड्ड्यात उतरून हे काम करूच नये.

काम झालं की इंजिन चालवून बघावं, मग बंद करून, गार झाल्यावर प्रत्येक जोडाला पांढरा कागद टेकवावा. पेट्रोलचा थेंब डोळ्यांना दिसेपर्यंत उडून जातो, कागद मात्र तो टिपतो. कागद कोरडा आणि तरी सकाळी बंद गॅरेजात हलका वास आला, तर साध्या नायट्राइल नळीच्या अंगातून झिरपलेली वाफही त्याला कारण असू शकते. फ्लुओरो अस्तराच्या नळीत हे झिरपणं बरंच कमी असतं.