चयापचय, आहार आणि रोग (सांगली परिसर)

खाल्लेल्या अन्नाचं शरीर पुढे काय करतं, ऊर्जा कशी काढतं, उरलेलं कुठे साठवतं आणि यात बिघाड झाला की कोणते आजार मागे लागतात, याचा अभ्यास. फॅटी लिव्हर, कोलेस्टेरॉल, गाऊट हे सगळं यात येतं, पण सांगली-मिरजेकडे विषय निघाला की गाडी शुगरवरच येते, म्हणून इथेही भर मधुमेहावरच आहे.

सुरुवात कुठून धरायची यावर एकमत नाही. बरेच जण आर्चिबाल्ड गॅरॉड या इंग्रज डॉक्टरचं नाव घेतात, त्यांनी १९०२ मध्ये लघवी काळी पडणारा अल्काप्टोन्युरिया हा चयापचयातला जन्मजात दोष आहे असं मांडलं. आपल्याकडचे अभ्यासक सुश्रुतसंहितेपर्यंत मागे जातात. तिच्या चिकित्सास्थानात प्रमेह (आयुर्वेदातला लघवीचा विकार) दोन तऱ्हेचा सांगितलाय, सहज म्हणजे जन्मजात आणि अपथ्यामुळे होणारा, पहिल्याचा रोगी कृश, कमी खाणारा, सारखा तहानलेला आणि दुसऱ्याचा स्थूल, भरपूर खाणारा, बसून-झोपून राहणारा. हेच आजचे मधुमेहाचे टाइप १ आणि टाइप २ असं सर्रास लिहिलं जातं. साम्य आहे, पण प्रमेहाचे एकूण वीस प्रकार आणि मधुमेह त्यातला फक्त एक, शिवाय ग्रंथ एका काळातला नाही, इसवी सनाच्या आगेमागे काही शतकं त्यात भर पडत गेली असावी, त्यामुळे जपून बोललेलं बरं. चरकसंहितेत मात्र प्रमेहाच्या कारणांत बैठं सुख, झोप, दही, नवं धान्य यांच्या जोडीला गुळाचे पदार्थही आलेत, आणि सांगलीसारख्या गुळाच्या पेठेत हे ठासून सांगायला हवं. शुगर असलेल्या माणसाला इथे घरोघरी ‘साखर नको, गुळाचा चहा घ्या’ असं प्रेमानं सांगतात; गुळात थोडं लोह आणि खनिजं असतात, पण बहुतांश सुक्रोजच, म्हणजे साखरच असते, रक्तातली साखर त्यानंही वाढतेच.

पोट सुटलेलं नसताना आपल्या माणसांना शुगर का होते, हा खरा वादाचा मुद्दा. जेम्स नील यांनी १९६२ मध्ये काटकसरी जनुकांची कल्पना मांडली, म्हणजे दुष्काळात तगवणारी जनुकं सुबत्तेत घात करतात. हेल्स आणि बार्कर यांनी १९९२ मध्ये गर्भातल्या कुपोषणावर बोट ठेवलं. इथल्या परिस्थितीला दुसरी मांडणी जास्त जुळते, कारण १९९३ पासून पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा अभ्यास केला, त्यात बाळांचं सरासरी वजन सुमारे २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ च्या आसपास, पण कातडीखालची चरबी त्या मानानं फारशी कमी नव्हती. मोठ्यांतही तेच. २००४ च्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात याज्ञिक आणि ब्रिटिश डॉक्टर युडकिन यांचा शेजारी-शेजारी फोटो आहे, दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानानं वजन) २२.३, चरबी मात्र याज्ञिकांची २१.२ टक्के आणि युडकिन यांची ९.१. नुसत्या वजनकाट्यावर विसंबणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं, कंबरेचा घेरही मोजावा.

आहाराचं म्हणाल तर जिल्हा एकसारखा नाही. शिराळ्याकडे भात, जत-आटपाडीकडे शाळू आणि बाजरीची भाकरी, आणि टेंभू-म्हैसाळ उपसा योजनांचं पाणी आल्यापासून पूर्वेकडेही ऊस-द्राक्षं. भाकरीत पांढऱ्या भातापेक्षा चोथा जास्त, पण म्हणून चार भाकऱ्या खाऊन चालत नाही. भडंग हलकं म्हणून वाटीवर वाटी रिचवतात, मुळात ते चुरमुरे म्हणजे पचायला झटपट असा स्टार्चच. उपासाचा साबुदाणा आणि बटाटाही त्यातलेच.

मधुमेहाचं निदान: उपाशीपोटी रक्तातली साखर १२६ मिग्रॅ/डेलि किंवा जास्त, नाहीतर एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेची टेस्ट) ६.५ टक्के किंवा जास्त, आणि लक्षणं नसतील तर टेस्ट पुन्हा करून खात्री.

माळकरी आणि इतर शाकाहारी घरांत बी१२ जीवनसत्त्व बघणं महत्त्वाचं, ते शाकाहारात दूध-दह्यातूनच काय ते मिळतं. वर सांगितलेल्या सहा गावांच्या अभ्यासात ज्या आयांचं बी१२ कमी आणि फोलेट (आणखी एक बी जीवनसत्त्व) जास्त होतं त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण सगळ्यात जास्त दिसलं. शुगरवरची मेटफॉर्मिनची गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर बी१२ आणखी उतरू शकतं, पायांच्या मुंग्या शुगरच्या की याच्या हे नुसतं बघून कळत नाही, रक्त तपासावं लागतं.