लॅक्टोज आणि लॅक्टिक ॲसिड: दूध सोसत नाही म्हणून दह्याला का घाबरायचं?

गेल्या पावसाळ्यात आम्ही आतकरवाडीच्या वाटेने सिंहगड चढलो. वर पोचल्यावर नेहमीप्रमाणे मडक्यातलं दही घेतलं. माझ्या मामेबहिणीने मडकं हातात घेतलं आणि परत खाली ठेवलं. म्हणाली, "मला नको गं. मला लॅक्टोज चालत नाही. त्यात पोटऱ्यांत आधीच लॅक्टिक ॲसिड साठलंय, वरून दही खाल्लं तर उद्या जिना उतरता यायचा नाही." चेहऱ्याला लावायचं लॅक्टिक ॲसिडचं सीरमही तिने याच धास्तीने महिनाभर न उघडता ठेवलं होतं.

ताई शिकलेली आहे, स्वतःच्या तब्येतीची काळजी घेणारी आहे. तरी तिने दोन निरनिराळ्या पदार्थांची एकच मोळी बांधली होती, आणि असं करणारी ती एकटी नाही. नावं सारखी आहेत म्हणून माणसं दही, ताक, इडली सोडतात आणि पेढे मात्र खात राहतात. म्हणून हे जरा सविस्तर लिहिते आहे.

नावांचा घोळ लॅटिनपासूनचा. 'लॅक' म्हणजे दूध. दुधातल्या साखरेला लॅक्टोज म्हटलं. १७८० साली स्वीडनच्या कार्ल शील या रसायनशास्त्रज्ञाने नासलेल्या दुधातून एक आम्ल वेगळं काढलं, त्याचंही नाव दुधावरूनच पडलं. इथे आपले शाळेतल्या पुस्तकातले शब्द जास्त कामाचे आहेत: दुग्धशर्करा आणि दुग्धाम्ल. एक गोड, एक आंबट. एक साखर, एक आम्ल. एवढं डोक्यात ठेवलं तरी निम्मा गोंधळ मिटतो.

आधी साखरेचं बघू, कारण त्रास देणारी तीच आहे. लॅक्टोज म्हणजे ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज या दोन साध्या साखरांची जोडी. जोडी आहे तशी आतड्यातून रक्तात जात नाही, आधी ती फोडावी लागते. लहान आतड्याच्या अस्तरात लॅक्टेज नावाचं विकर असतं, ते हे काम करतं. तान्ह्या बाळात ते भरपूर असतं. मोठेपणी बऱ्याच माणसांत ते कमी होत जातं. जगातल्या निम्म्याहून जास्त मोठ्या माणसांचं असंच आहे, त्यामुळे याला रोग म्हणणंही मला पटत नाही. न फुटलेली साखर मोठ्या आतड्यात पोचते, तिथले जीवाणू तिच्यावर ताव मारतात, वायू होतो, पाणी ओढलं जातं. मग पोट फुगणं, गुडगुडणं, पळापळ.

आता विरजणाकडे येऊ. सगळी गंमत तिथेच आहे. दूध कोमट करायचं, करंगळी बुडवली तर ऊब लागावी पण चटका बसू नये इतपत. चमचाभर विरजण घालून ढवळायचं, झाकायचं, हलवायचं नाही. विरजणातले जीवाणू त्या ऊबेत वाढतात आणि दुधातल्या लॅक्टोजवर जगतात. साखर खाऊन ते जे बाहेर टाकतात ते लॅक्टिक ॲसिड. कागदावर पूर्ण हिशोब मांडला तर लॅक्टोजच्या एका रेणूपासून लॅक्टिक ॲसिडचे चार रेणू होतात. आम्ल वाढत गेलं, पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट) ४.६ च्या आसपास उतरला, की दुधातलं केसीन हे प्रथिन तरंगत राहू शकत नाही. ते एकमेकांना धरून बसतं आणि पातेलं कलंडवलं तरी दही हलत नाही. पुण्यात मे महिन्यात हे चार-पाच तासांत होतं. डिसेंबरात तेच पातेलं पिठाच्या डब्यात नाहीतर जुन्या शालीत गुंडाळून ठेवावं लागतं, तरी सकाळी कधी कधी नुसतं चिकट दूध हाती येतं. जीवाणूंना थंडी सोसत नाही, दुसरं काही नाही.

म्हणजे दह्यात साखरेचं आम्ल झालेलं असतं. पण सगळ्या साखरेचं नाही, हेही तितकंच खरं. ताज्या गोडसर दह्यात बरंचसं लॅक्टोज अजून शिल्लक असतं. मग दूध न सोसणाऱ्यांना दही का सोसतं? कारण ते जीवाणू स्वतःसोबत लॅक्टोज फोडणारं विकर घेऊन येतात आणि आपल्या आतड्यात पोचल्यावरही ते विकर कामी येतं. शिवाय दही घट्ट, ते पोटातून सावकाश पुढे सरकतं, साखर एकदम अंगावर येत नाही. दही फार वेळ गरम केलं, कढी उकळली, तर जीवाणू मरतात आणि ही मदत कमी होते. तेव्हा ज्यांना शंका आहे त्यांनी सुरुवात कढीपासून न करता जेवणातल्या दोन चमचे ताज्या दह्यापासून करावी.

लॅक्टोज खरं कुठे लपतं? खव्यात. दूध आटवलं की पाणी उडतं, साखर तिथेच राहते. पेढा, बर्फी, बासुंदी, रबडी ही सगळी आटवलेल्या लॅक्टोजची घरं. मस्तानीत तर दूध आणि वर आइस्क्रीमचा गोळा. साधारण कपभर, म्हणजे २५० मिलिलिटर दुधात १२ ग्रॅमच्या आसपास लॅक्टोज असतं आणि लॅक्टेज कमी असलेल्या बऱ्याच जणांना एका वेळी एवढं चालून जातं, विशेषतः जेवणासोबत. मस्तानीचा मोठा पेला ही सीमा सहज ओलांडतो. उलट चक्का बघा. दही फडक्यात बांधून टांगलं की पाण्यासोबत बरंच लॅक्टोज निथळून जातं. तुपात ते जवळपास नसतंच. श्रीखंड खाऊन कोणाचं पोट बिघडलं तर आधी वाटीत किती वाढलं होतं ते बघावं.

औषधांच्या गोळ्यांत भर म्हणूनही लॅक्टोज वापरतात. प्रमाण इतकं थोडं असतं की बहुतेकांना काही होत नाही.

लॅक्टिक ॲसिडचा संसार मात्र दुधापलीकडे फार मोठा आहे. इडलीच्या पिठात दुधाचा थेंब नसतो. रात्रभर फुगून आलेलं ते पीठ आंबट लागतं ते तांदूळ-उडदावर वाढलेल्या जीवाणूंनी केलेल्या लॅक्टिक ॲसिडमुळे. मिठाच्या पाण्यात मुरवलेल्या भाज्या, गाजर-बिटाची कांजी, सगळीकडे तेच. ज्याला लॅक्टोज चालत नाही त्याने इडलीला घाबरायचं काही कारण नाही. उलट हे आम्ल पदार्थ टिकवतं, कारण नासवणाऱ्या बऱ्याच जंतूंना आंबट वातावरण मानवत नाही. त्याचा दुसरा स्वभाव आजीला चांगला ठाऊक होता: कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ताक ठेवलं की ते कळकायचं. आम्ल तांब्याला खातं आणि तांबं ताकात उतरतं. असलं ताक टाकूनच द्यावं.

आता ताईच्या पोटऱ्या. स्नायूंतलं लॅक्टिक ॲसिड दह्यातून येत नाही. ते तिच्या स्वतःच्या पेशी ग्लुकोजपासून करतात. चढावर स्नायूंना जितक्या झपाट्याने शक्ती लागते तितक्या झपाट्याने ऑक्सिजनवाला रस्ता ती पुरवू शकत नाही, तेव्हा जवळची वाट धरली जाते आणि तिच्या टोकाला लॅक्टेट तयार होतं. लॅक्टेट हे लॅक्टिक ॲसिडचंच रूप. शरीरातल्या ७.४ पीएचला आम्ल आपला हायड्रोजन सोडून देतं, म्हणून रक्तात जवळपास सगळं लॅक्टेटच असतं. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या रक्तात लिटरमागे साधारण एक मिलिमोल (रेणूंची संख्या मोजायचं एकक), जोरदार दमवणाऱ्या व्यायामात दहाच्या पुढे. आणि हा निव्वळ कचरा नाही. हृदय ते इंधन म्हणून जाळतं, यकृत त्याचं परत ग्लुकोज करतं. विश्रांतीतही मोठ्या माणसाचं शरीर दिवसाला साधारण शंभर ग्रॅमच्या घरात लॅक्टेट बनवतं आणि वापरून टाकतं. वाटीभर दह्यातला ग्रॅम-दीड ग्रॅम त्यात कुठे मोजायचा?

दम थांबल्यावर वाढलेलं लॅक्टेट तासाभरात मूळ पातळीवर येतं. म्हणजे गडावर पिठलं-भाकरी खाऊन हात धुवेपर्यंत ते गेलेलं असतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या दुखतात त्याचं कारण वेगळं: गड उतरताना ताणलेल्या स्थितीत भार झेलणाऱ्या स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते, मग त्या भरून येताना सूज आणि ठणका. चढाने धाप लागते, उताराने पाय धरतात. सवय झाली की कमी होतं. जिममध्ये अजूनही 'लॅक्टिक ॲसिड साठलंय' म्हणून पाय चेपायला सांगतात. चेपून बरं वाटत असेल तर जरूर चेपावेत, पण तिसऱ्या दिवशी तिथे ते आम्ल नसतं.

दवाखान्यात लावतात त्या 'आरएल' सलाइनबद्दलही मला एका काकूंनी विचारलं होतं. रिंगर लॅक्टेट म्हणजे क्षार आणि लॅक्टेट. त्यात दूधही नाही, लॅक्टोजही नाही.

उरलं सीरम. बाजारातलं लॅक्टिक ॲसिड बहुतेक मक्याच्या किंवा उसाच्या साखरेवर जीवाणू वाढवून करतात. त्याच आम्लाचे रेणू साखळीत जोडले की पीएलए नावाचं जैविक प्लास्टिक होतं, आणि आपल्या जेजुरीला प्राज इंडस्ट्रीजने २०२४ मध्ये त्याचं प्रात्यक्षिक केंद्र सुरू केलं. दह्याचा आंबटपणा आणि प्लास्टिकचा पेला एकाच रेणूचे, हे कळलं तेव्हा मला खरंच आनंद झाला होता.

त्वचेवर हे आम्ल दोन कामं करतं. मेलेल्या पेशींचा वरचा थर सैल करून उतरवतं आणि त्वचेत ओल धरून ठेवतं. आपल्या त्वचेचा जो नैसर्गिक ओलावा असतो त्यातही लॅक्टेट असतंच. ग्लायकोलिक ॲसिड या सीरममध्येच वापरल्या जाणाऱ्या दुसऱ्या आम्लापेक्षा याचा रेणू मोठा, म्हणून ते सावकाश शिरतं आणि सहसा कमी झोंबतं. बाटलीवरच्या टक्क्यांइतकाच पीएचही महत्त्वाचा. साडेतीन-चारच्या पीएचला आम्ल बऱ्यापैकी मोकळं आणि कामाचं असतं. दह्याचा पीएच साडेचारच्या आसपास आणि आम्ल एखादा टक्का, म्हणून बेसन-दह्याचा लेप सौम्यच राहतो. सीरम नवीन असेल तर पाच टक्क्यांचं घ्यावं, आधी कानामागे लावून बघावं, आठवड्यातून दोन रात्री पुरे. सकाळी सनस्क्रीन चुकवू नये, कारण या आम्लाने त्वचा उन्हाला हळवी होते. पुण्याच्या मार्च-एप्रिलच्या उन्हात दुचाकीवर फिरणाऱ्यांनी तर मुळीच नाही.

एक गोष्ट मात्र या दोन्हींपासून वेगळी ठेवा. दुधाची ॲलर्जी हे तिसरंच प्रकरण आहे. ती दुधातल्या प्रथिनांची असते. तिच्यात अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, श्वास अडकतो. अशा माणसाला दहीसुद्धा देऊ नये, कारण प्रथिनं त्यातही आहेत. लहान मुलाच्या बाबतीत तर 'लॅक्टोज असेल' म्हणून घरच्या घरी निकाल लावू नका, डॉक्टरांना दाखवा. जुलाबानंतर मुलांना काही आठवडे दूध सोसत नाही, तेही वेगळं. आतड्याचं अस्तर भरून आलं की पुष्कळदा दूध पुन्हा पचायला लागतं.

ताईने त्या दिवशी माझ्या मडक्यातलं तीन चमचे दही खाल्लं. संध्याकाळपर्यंत पोटाने तक्रार केली नाही. दोन दिवसांनी तिचा फोन आला, मांड्या धरल्या होत्या. मी म्हटलं, पुढच्या वेळी उतरताना घाई करू नकोस, छोटी पावलं टाक.