लस, पक्ष आणि मतदारयादी

‘लस न घेणारे म्हणजे अडाणी’ असं आपण सर्रास म्हणतो. करोनाकाळातल्या अमेरिकेत हे लागू पडत नाही. तिथे माणूस कोणत्या पक्षाचा, यावरून तो लस घेणार की नाही याचा बराचसा अंदाज यायचा. ट्रम्प यांच्या रिपब्लिकन पक्षाचे लोक ती टाळण्याची शक्यता जास्त, विरोधी डेमोक्रॅटांची कमी.

पण त्यापायी माणसं दगावली, हे दाखवायचं कसं? कुणीही म्हणेल, रिपब्लिकन मतदार मुळात वयस्कर, खेड्यापाड्यांतले. ते तसेही जास्त गेले असतील. यावर येल विद्यापीठातल्या संशोधकांनी काढलेली युक्ती मला फार आवडते. त्यांनी फ्लोरिडा आणि ओहायोच्या २०१७ च्या मतदार नोंदी घेतल्या. तिथे त्यांवरून मतदाराचा पक्षही कळतो. २०१८ ते २०२१ मधले ५,३८,१५९ मृत्यू त्यांच्याशी जुळवले. मग तेवढ्याच वयाची, त्याच काउंटीतली (म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा भाग), त्याच पक्षाची किती माणसं २०१९ मध्ये त्याच सुमाराला गेली होती ते पाहिलं. त्याहून वरचे ते ‘अधिकचे मृत्यू’. म्हणजे प्रत्येक गटाची तुलना आधी स्वतःशीच. वयाचा आणि गावाचा फरक तिथेच वजा होतो.

लस सगळ्या प्रौढांना खुली होईपर्यंत दोन्ही पक्षांत फरक नगण्य होता. १ मे २०२१ नंतर मात्र रिपब्लिकनांमधल्या अधिकच्या मृत्यूंचा दर डेमोक्रॅटांपेक्षा ४३ टक्क्यांनी जास्त निघाला, आणि तोही मुख्यतः कमी लसीकरणाच्या काउंट्यांत. मेलेल्यांपैकी कुणी लस घेतली होती हे या नोंदींत नाही. तेव्हा पुरावा परिस्थितिजन्य, पण भक्कम.

याच ओहायोत जून २०२१ मध्ये एका डॉक्टरने विधिमंडळाच्या समितीपुढे सांगितलं की लशीने माणसाचं चुंबक होतं! ते पटवायला आलेल्या परिचारिकेच्या मानेला किल्ली काही चिकटेना. त्याच सुमारास नाशिकमध्ये अंगाला नाणी-चमचे चिकटल्याची बातमी गाजत होती. अंगाला टाल्कम पावडर लावा, हे ‘चुंबकत्व’ उतरतं.

पक्षाचं हे वारं आपल्याकडेही आलं होतं. जानेवारी २०२१ मध्ये अखिलेश यादव ‘भाजपची लस’ घेणार नाही म्हणाले. जूनमध्ये वडील मुलायमसिंहांनी लस घेतल्यावर त्यांनीही ती घ्यायचं जाहीर केलं.

अमेरिकेत मात्र नेत्यालाही माघार जमेना. लस झटपट आणण्याची योजना खुद्द ट्रम्प यांच्या सरकारची. ऑगस्ट २०२१ मध्ये अलाबामातल्या सभेत ते ‘लस घ्या, मीही घेतली’ म्हणाले, तर त्यांच्याच समर्थकांतून हुर्यो उठली. तुम्हाला तुमचं स्वातंत्र्य आहेच, अशी सारवासारव त्यांना करावी लागली.