डेन्टनचा ‘एक वाजताचा’ बँड

अमेरिकेत जॅझची पहिली पदवी सुरू झाली ती जॅझच्या जन्मगावी, न्यू ऑर्लिन्सला नाही आणि न्यूयॉर्कलाही नाही. टेक्सासात, डॅलसच्या उत्तरेला डेन्टन नावाचं गाव आहे. तिथल्या शिक्षक घडवणाऱ्या सरकारी कॉलेजात, म्हणजे आजच्या युनिव्हर्सिटी ऑफ नॉर्थ टेक्सासमध्ये, १९४७ साली हा अभ्यासक्रम आला. जीन हॉल यांनी तिथेच एम.ए.च्या प्रबंधात त्याचा आराखडा मांडला होता. पदवीच्या नावात मात्र ‘जॅझ’ नव्हतं, ‘डान्स बँड’ होतं. त्या काळी जॅझ म्हटलं की सभ्य लोक नाक मुरडायचे.

गौरवग्रंथांत सहसा न येणारी एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. ज्या संगीताचा पाया कृष्णवर्णीयांनी घातला, त्याची ही पदवी निघाली तेव्हा या कॉलेजात कृष्णवर्णीयांना प्रवेशच नव्हता. दारं उघडली ती पन्नाशीच्या दशकाच्या मध्यावर. साठच्या दशकात सॅक्सोफोनवादक बिली हार्पर इथूनच शिकून बाहेर पडला.

इथल्या बँडांची नावं तालमीच्या वेळेवरून पडली. सगळ्यात वरचा तो ‘वन ओ’क्लॉक लॅब बँड’. त्याखाली दोनचा, तीनचा, अशी उतरती भाजणी. जागा कुणाची कायमची नसते. ऑडिशन देऊन ती मिळवावी लागते. लिऑन ब्रीडन यांनी १९५९ ते १९८१ अशी बावीस वर्षं हा बँड सांभाळला. १९६७ मध्ये थायलंडच्या राजासाठी व्हाइट हाउसमध्ये मेजवानी होती, तिथे ही पोरं ड्यूक एलिंग्टन आणि स्टॅन गेट्झ या जॅझमधल्या दिग्गजांच्या सोबतीने वाजवून आली. त्यांच्या ‘लॅब ७५!’ या रेकॉर्डला ग्रॅमीचं नामांकन मिळालं. विद्यापीठाच्या बँडला असा मान तोवर कधी मिळाला नव्हता. त्यातल्या रचना लाइल मेझ या विद्यार्थ्याच्या. नव्वदीच्या दशकात रविशंकरांची मुलगी नोरा जोन्स इथे जॅझ पियानो शिकत होती. पदवी अर्धवट टाकून ती न्यूयॉर्कला गेली.

संस्थेला मिळालेल्या मदतीत मला सगळ्यात मोलाची वाटते ती जॅझ वाद्यवृंदाचे प्रमुख स्टॅन केंटन यांची. आपल्या माघारी आपल्या नावाने कुणी बँड चालवू नये, असं त्यांनी बजावून ठेवलं होतं. त्यांच्या वाद्यवृंदाची लिखित स्वरलिपी मात्र त्यांनी नॉर्थ टेक्सासला दिली. सन १९७९ मध्ये ते गेले. त्यांच्या नावाच्या दालनात आजही तालमी होतात आणि ती पानं विद्यार्थ्यांच्या स्टँडवर चढतात.

आता गरज आहे ती शिष्यवृत्त्यांची. टेक्सासच्या कायद्यात एक सोय आहे: राज्याबाहेरच्या विद्यार्थ्याने स्पर्धेतून वर्षाला किमान १,००० डॉलरची शिष्यवृत्ती मिळवली, तर काही अटींवर त्याला स्थानिकांइतकीच फी लावता येते. परदेशी विद्यार्थीही यात धरले आहेत. त्यामुळे देणगीदाराचे हजार डॉलर प्रत्यक्षात त्याच्या कितीतरी पट फी वाचवतात, आणि मुंबई-पुण्याच्या एखाद्या ड्रमरचा डेन्टनला जायचा हिशेब जमतो की नाही, ते बरेचदा एवढ्याशा रकमेवर ठरतं.