पाणी भरूनही बॉयलरचा काटा का पडतो?

ब्रिटनमध्ये थंडी सुरू झाली की एक तक्रार हमखास कानावर येते: घर तापवणाऱ्या बॉयलरचा दाबाचा काटा शून्यावर आलाय, पाणी भरलं तरी टिकत नाही. त्यावर सल्लाही ठरलेला, "अजून थोडं भरा." दर चार दिवसांनी असं भरत राहिलं, की ताज्या पाण्याबरोबर विरघळलेला ऑक्सिजन आत जातो आणि खोल्या गरम करणारे रेडिएटर (गरम पाणी फिरणारे धातूचे पत्रे) आतून गंजतात.

भारतातल्या गीझरची सवय असलेल्यांचा इथे एक गोंधळ होतो. हा काटा नळाच्या पाण्याचा दाब दाखवत नाही, गॅसचाही नाही. कॉम्बी बॉयलर घरही तापवतो आणि नळाला गरम पाणीही देतो; त्यात रेडिएटरचं पाणी वेगळं, बंदिस्त असतं. वर्षानुवर्षं तेच फिरतं. त्याचा दाब थंड असताना साधारण 1 ते 1.5 बार हवा (1 बार म्हणजे जवळपास वातावरणाच्या दाबाइतका).

भरताना काटा हलतच नसेल, तर आधी फिलिंग लूप, म्हणजे थंड पाण्याच्या पाइपमधून बॉयलरमध्ये पाणी भरायची नळी, बघा. त्या जाळीदार नळीच्या दोन्ही टोकांचे व्हॉल्व्ह उघडलेत का? स्वयंपाकघरातल्या थंड नळाला जोर आहे का? बाहेरच्या पाण्याचा दाब आतल्यापेक्षा जास्त असेल तरच पाणी आत जाणार. दोन्ही ठीक असूनही पाणी जात नसेल, तर लूपमधला एकदिशा व्हॉल्व्ह अडकलेला असू शकतो.

खरी गंमत पुढे आहे. काटा चढतो, हीटिंग लावल्यावर 3 पर्यंत जातो आणि सकाळी पुन्हा शून्य! इथे संशय घ्यायचा तो एक्स्पान्शन व्हेसलचा. हा पोलादी डबा. मध्ये रबरी पडदा, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला हवा किंवा नायट्रोजन. 10 अंशांचं 100 लिटर पाणी 70 अंशांपर्यंत तापलं की सुमारे 2.2 लिटरनी फुगतं. पाणी जवळजवळ दाबलं जात नाही, म्हणून ही वाढ हवेनेच सोसायची.

आकडे घालून बघू. डबा 8 लिटरचा, हवा 0.75 बारवर भरलेली. बॉइलच्या नियमात (हवेचा दाब × आकारमान कायम राहतं) निरपेक्ष दाब लागतो, म्हणजे वातावरणाचा 1 बार मिळवून 1.75. पाणी भरून काटा 1 वर आणला, की निरपेक्ष दाब 2 आणि हवेचं आकारमान 8 × 1.75 ÷ 2 = 7 लिटर. पाणी फुगून 2.2 लिटर आत घुसलं, हवेला उरले 4.8 लिटर. 8 × 1.75 = 14, आणि 14 ÷ 4.8 म्हणजे निरपेक्ष दाब सुमारे 2.9, काट्यावर 1.9. सगळं ठीक.

आता समजा हवा निघून गेली आणि डबा पाण्याने भरला. फुगलेल्या पाण्याला जागाच नाही. दाब झपकन 3 बारवर जातो, सुरक्षा व्हॉल्व्ह उघडतो आणि पाणी भिंतीबाहेरच्या तांब्याच्या नळीतून वाहून जातं. उरलेलं पाणी थंड होऊन आकसलं, की काटा शून्यावर. म्हणून हीटिंग चालू असताना ती नळी ठिबकते का ते बघा. एकदा उघडलेल्या व्हॉल्व्हच्या बैठकीत कचरा अडकला, तर तो नंतर पाणी थंड असतानाही गळतो.

गळती आपोआप बुजवणाऱ्या औषधाच्या बाटल्या बाजारात मिळतात. सुटलेली हवा त्या परत आणत नाहीत, एवढं लक्षात ठेवलं तरी पैसे वाचतील.

बॉयलर उघडायचं काम गॅस सेफ (ब्रिटनमधली गॅस कारागिरांची अधिकृत यादी) नोंदणी असलेल्या माणसाचं. तो डब्यात टायरसारख्या व्हॉल्व्हमधून हवा भरतो, पण त्याआधी पाण्याचा दाब शून्यावर आणतो; नाहीतर मीटर हवेऐवजी पाण्याचाच दाब सांगतं. त्या व्हॉल्व्हमधून पाणी आलं तर पडदा फाटलाय. मग डबा बदलायचा. तो बॉयलरच्या मागे दडलेला असेल, तर बरेच कारागीर रेडिएटरकडून बॉयलरकडे परत येणाऱ्या पाइपवर बाहेरच दुसरा बसवून देतात.