एका धातूतून विणकर, माग आणि कारखाना

सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागांच्या खडखडाटात तेलुगू ऐकू येते, बाजारात मराठीच्या जोडीला कन्नड, आणि जरा पुढे गेलं की दखनी उर्दू. एकोणिसाव्या शतकात रशियन साम्राज्यातलं बियालिस्तोक हे गावही असंच होतं. तिथेही कापडाचा धंदा आणि चार भाषा: पोलिश, रशियन, जर्मन, यिडिश. फक्त तिथे भाषेवरून माणसं एकमेकांना वैरी समजत. त्या गावात १८५९ साली लुडविक झामेनहोफचा जन्म झाला. पुढे तो डोळ्यांचा डॉक्टर झाला आणि १८८७ मध्ये वॉर्सातून त्याने ‘डॉक्टर एस्पेरांतो’, म्हणजे आशा बाळगणारा डॉक्टर, या टोपणनावाने स्वतः घडवलेल्या, सगळ्यांना सामायिक अशा नव्या भाषेचं एक छोटं पुस्तक काढलं. त्यात व्याकरणाचे १६ नियम आणि सुमारे ९०० धातू होते. टोपणनाव पुढे भाषेलाच चिकटलं.

एवढ्याशा शब्दांत भागायचं कसं? शाळेत असताना जाडजूड शब्दकोश बघून झामेनहोफही हबकला होता. मग एकदा त्याचं लक्ष दुकानांच्या रशियन पाट्यांकडे गेलं. पहारेकऱ्याच्या खोलीवरची पाटी आणि मिठाईच्या दुकानावरची पाटी, दोन्हींचा शेवट ‘-स्काया’. आपल्याकडचे दवाखाना, छापखाना, तोफखाना आठवा. ‘खाना’ एकदा कळला की प्रत्येक शब्द वेगळा पाठ करावा लागत नाही. एस्पेरांतोत या कामाला ‘-एय्’ हा प्रत्यय आहे. प्रेसी म्हणजे छापणे, प्रेसेयो छापखाना. कुइरी म्हणजे रांधणे, कुइरेयो स्वयंपाकघर. लेर्नी शिकणे, लेर्नेयो शाळा. आपला ‘खाना’ वाटेल तिथे जोडता येत नाही, ‘-एय्’ जोडता येतो.

इंग्रजी शब्दांची यादी एस्पेरांतोत न्यायला बसलं की हे लगेच जाणवतं. इंग्रजीत वीव्ह आणि वीव्हर एका घरातले, पण लूम, क्लॉथ आणि मिल यांचं त्यांच्याशी काही नातं दिसत नाही. मराठीत विणणे-विणकर जुळतात. माग आणि कापड वेगळेच. एस्पेरांतोत सगळ्यांचा धातू एक, ‘तेक्स्’. तेक्सी विणणे, तेक्सिस्तो विणकर, तेक्सिलो माग, तेक्साझो विणलेलं कापड, तेक्सेयो विणाईचा कारखाना. ‘-इस्त्’ धंदा सांगतो, ‘-इल्’ साधन, ‘-आझ्’ वस्तू. धातूला शेवटी ‘ओ’ लागला की नाम, ‘आ’ आला की विशेषण, ‘ए’ आला की क्रियाविशेषण, आणि याला अपवाद नाही.

सोलापुरी मालाचंच घेऊ. ‘तूको’ म्हणजे एखाद्या कामासाठीचा कापडाचा तुकडा. हात पुसायचा तो मान्तूको, आंघोळीचा टॉवेल बान्तूको, रुमाल नाज़्तूको, म्हणजे शब्दशः नाकाचा. चादरीपाशी मात्र थांबावं लागतं, कारण आपण ती अंथरतोही आणि पांघरतोही. पलंगावर अंथरली तर लित्तूको, अंगावर घेतली तर कोव्रिलो, म्हणजे झाकायचं साधन. तिचं काय करणार ते आधी ठरवा, शब्द मग.

नवशिका हमखास फसतो तो कंगव्यात. इंग्रजीत ‘कोम’ आणि ‘ब्रश’ हे दोन्ही शब्द वस्तूलाही चालतात, क्रियेलाही. एस्पेरांतोत प्रत्येक धातूचा स्वभाव ठरलेला असतो. ‘ब्रोस्’ हा वस्तूचा धातू: ब्रोसो ब्रश, ब्रोसी ब्रशने झाडणे. ‘कोम्ब्’ क्रियेचा: कोम्बी विंचरणे. म्हणून ‘कोम्बो’ म्हणजे कंगवा नव्हे, विंचरण्याची क्रिया. कंगवा हवा तर ‘कोम्बिलो’ म्हणावं लागतं. हा स्वभाव शब्दाच्या रूपावरून दिसत नाही, पाठच करावा लागतो. सोपी भाषा म्हणून जाहिरात करणारे याबद्दल सहसा बोलत नाहीत. प्रख्यात भाषाशास्त्रज्ञ फेर्दिनां द सोस्यूर याचा धाकटा भाऊ रने गणिती होता आणि एस्पेरांतोवालाही. शब्दघडणीवर त्याने शंभर वर्षांपूर्वी डोकं चालवलं आणि नियम मांडला: अर्थाला लागेल तेवढं सगळं शब्दात असावं, वर काही नसावं.

मराठी माणसाला एका बाबतीत आयता फायदा आहे. इंग्रजीत लाकूडही ‘बर्न’ होतं आणि माणूसही ते ‘बर्न’ करतो. आपण जळणे आणि जाळणे सहज वेगळे करतो. एस्पेरांतोत ते ब्रूली आणि ब्रूलीगी. तोडणे-तुटणे म्हणजे रोम्पी आणि रोम्पीजी. इंग्रजीच्या एका ‘नो’साठीही (know) दोन शब्द आहेत, माहीत असायला स्त्सीई आणि ओळखायला कोनी. उलट ‘आम्ही’ आणि ‘आपण’ दोघांना मिळून एकटा ‘नी’, आणि मामा, काका, मावशीचे यजमान सगळे ‘ओन्क्लो’. आई ‘पात्रीनो’, म्हणजे बाप या शब्दाला स्त्रीप्रत्यय लावून केलेली. यावर आक्षेप घेतले जातात आणि मला ते रास्त वाटतात.

‘माल्-’ हा उपसर्ग अर्थ उलटा करतो. बोना चांगला, माल्बोना वाईट. साना निरोगी, माल्साना आजारी. त्यातूनच इस्पितळाला माल्सानुलेयो: उलट, निरोगी, माणूस, जागा असे चार तुकडे आणि शेवटी नामाचा ‘ओ’. अनेकांना हे लांबण वाटतं, ते सरळ ‘होस्पितालो’ म्हणतात. मला लांबणच आवडते.

तुकडे असे सुटे होतात हे यंत्रभाषांतरवाल्यांनीही हेरलं. १९८०च्या दशकात नेदरलँड्समधल्या उत्रेख्तला एका प्रकल्पात एस्पेरांतो दोन भाषांमधला मधला टप्पा म्हणून वापरली गेली. २०१२ मध्ये ती गूगल ट्रान्सलेटमध्ये ६४वी भाषा म्हणून आली.

आता सोलापूरची कडक भाकरी एस्पेरांतोत नेऊन बघू. त्या १६ नियमांतल्या १५व्यानुसार बहुतेक भाषांनी एकाच उगमातून घेतलेले शब्द, जसे तेआत्रो किंवा तेलेफोनो, फक्त लेखन बदलून चालतात. भाकरी त्यात बसत नाही, तेव्हा जोडणं आलं. सोर्गो ज्वारी, प्लातपानो चपटी रोटी. ‘सोर्गा प्लातपानो’ झाली. कडकला कोशात ‘मालमोला’, पण तो दगडासारखा टणक. वाचणारा दातांच्या काळजीत पडेल. ‘रोम्पीजी’ला प्रवृत्तीचा ‘-एम्’ लावला की ‘रोम्पिजेमा’, पटकन मोडणारी. हे बरं बसतं. शेंगदाण्याला ‘तेर्नूक्सो’, भुईतलं कवचफळ, हा शब्द तयारच आहे. चटणीचं तुम्ही बघा.